हॅमरसंगं गाणाऱ्या अक्का

"थांबा, त्येला बोलू द्या." अक्का कुठल्याही मशीनपाशी अशाच उभ्या राहायच्या. एक तळवा पत्र्यावर, मान कलती, डोळे मिटलेले. तुम्ही चहाला हाक मारा, नाहीतर साहेब आल्याची वर्दी द्या, उत्तर तेच.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाड्यांचे सुटे भाग घडवण्याचा कारखाना. मी स्टोअर सांभाळायचो, अक्का तयार माल तपासायच्या. मूळच्या जतकडच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. चाळिशीची ही बाई सुट्टीला वसाहतीतल्या तीन तरुण पोरांबरोबर रॉक बँड चालवते, हे कुणी सांगितलं तेव्हा मला ती थट्टाच वाटली.

त्यांच्या गाण्यांत गिटार होती, ड्रम होते आणि कारखान्याचे आवाज होते. ग्राइंडरची किंकाळी, पत्रा कापल्याचा खणखणाट, पाळी सुटल्याचा भोंगा. त्या सगळ्यावर अक्कांचा आवाज. माळावर मेंढरांना हाळ्या देऊन कमावलेला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या हातातला चहा निवून गेला.

त्यांचा अल्बम होत आला होता. शेवटच्या गाण्याला अक्कांना आमचा मोठा हॅमर हवा होता, तापलेलं लोखंड ठोकणारं मशीन. त्याच सुमारास डॉक्टरांनी त्यांच्या घशात गाठ असल्याचं सांगितलं. ऑपरेशन लांबवता येणार नव्हतं आणि त्यानंतर आवाज राहील याची कुणी खात्री देईना.

अक्का थेट मालकांकडे गेल्या. मी सोबत होतो.

"सायेब, सुट्टीची एक दुपार हॅमर द्या."

"कशाला?"

"गायचं हाय त्येच्यासंगं."

मालक हसले. "तो कुणाचं ऐकत नाही, अक्का."

"नगं ऐकू दे. मी ऐकती की त्येचं."

मालकांनी होकाराची मान डोलावली.

हॅमर चालवणारे तात्या सुट्टी सोडून आले. भट्टीतून लालबुंद लोखंड निघालं आणि पहिला घाव पडला. पायांखालची जमीन हादरली. ड्रमवाल्यानं घावांत घाव मिसळले, गिटार करकरली आणि सुरक्षेच्या पिवळ्या रेषेमागे उभ्या राहून अक्कांनी सूर लावला. एवढ्या दणदणाटात तो बुडेल असं मला वाटलं होतं. तो वर तरंगत राहिला.

मध्येच लाइट गेली. हॅमर थांबला, गिटार मुकी झाली, ड्रमवाल्याचे हात हवेत राहिले. बॅटरीवरचा लॅपटॉप तेवढा आवाज टिपत होता. अक्का थांबल्या नाहीत. शब्द संपले, नुसती हाळी उरली. ती उंच शेडच्या पत्र्याला जाऊन भिडली आणि आमच्यावर उतरली. तात्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून छातीशी धरलं. मी स्टुलावर बसलो होतो. उभा कधी राहिलो, आठवत नाही.

लाइट आल्यावर गिटारवाला म्हणाला, "परत घेऊया, अक्का?"

"न्हाई. हाय तसं ऱ्हाऊ दे. ह्ये परत यायचं न्हाई."

अल्बम इंटरनेटवर आला. गल्लीत कुणी त्याला भांड्यांचं दुकान म्हटलं. दूरदूरची अनोळखी पोरं मात्र ते शेवटचं गाणं पुन्हा पुन्हा ऐकत होती. अक्कांच्या वडिलांनी ते मोबाइलवर रानातच ऐकलं आणि लेकीला फोन केला. "मेंढरं चरायची थांबली गं बाय," एवढंच म्हणाले.

ऑपरेशन झालं. अक्का वाचल्या. आवाज मात्र फुंकरीएवढा उरला. गावी वडील एकटे होते. अक्कांनी नोकरी सोडली आणि तिकडंच जायचं ठरवलं.

आम्ही त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. अक्का खिडकीत बसल्या होत्या. मग ड्रमवाल्यानं एसटीच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी त्यांच्या गाण्याचा ठेका धरला. ड्रायव्हरला वाटलं, कंडक्टरच निघायला सांगतोय. त्यानं गाडी काढली आणि आम्ही हात हलवत, ओरडत मागे धावलो. अक्कांनी खिडकीबाहेर मान काढली, आमची धांदल बघितली आणि हसत सुटल्या. त्या हसण्याला आवाज नव्हता. गाडी फाटकातून वळेपर्यंत त्यांचे खांदे हलताना दिसत होते.