मऊ दगडाची जागा

कारखान्यात त्याला सगळे ‘भूगोल’ म्हणत. काम दगड कापायचं आणि त्यावर अक्षरं कोरायचं. पण कुणी एखाद्या लादीला हात लावला, की तिचं कूळ सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. ग्रॅनाइट म्हणजे जमिनीच्या पोटात सावकाश निवलेला रस. घाई केली नाही म्हणून त्याचे स्फटिक नजरेला दिसतील एवढे वाढले. वालुकाश्म म्हणजे झिजलेल्या डोंगरांची वाळू. पाण्याने वाहून आणली, थरावर थर टाकले, वरच्या ओझ्याने दाबले आणि मधल्या फटींत खनिजांचा चिकटा बसला. आणि संगमरवर? तो मूळचा चुनखडी. खोल गाडला गेला, भाजला, दाबला आणि इतका बदलला की आतल्या शिंपल्यांचाही मागमूस राहिला नाही.

“लग्न झालेल्या माणसासारखा,” असं तो शेवटी जोडत असे. गिऱ्हाइकं हसत. मालक हसत नसे. त्याला दगड विकायचा असे, दगडाचं चरित्र नव्हे.

ग्रॅनाइटच्या शेडमध्ये हातांना मुंग्या येत, मनगटं जात. मागची वालुकाश्माची शेड मात्र सुखाची मानली जाई. तिथे छिन्नी सहज शिरते, म्हणून सगळे तिला ‘मऊ दगडाची जागा’ म्हणत आणि केस पिकले की तिकडे डोळा ठेवत. भूगोल तिथे बारा वर्षं होता. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं मनगट दुखू लागलं, तेव्हा ती भावाकडे आली. दादाचा शब्द मालक खाली पडू देत नाही, हे तिला ठाऊक होतं. भूगोलाने शब्द टाकला आणि भाऊजी त्याच्या शेजारच्या ओट्यावर आले. बहीण भेटेल त्याला सांगत सुटली, भाऊ असावा तर असा.

त्याला वर्ष झालं. दरम्यान भूगोलाचा खोकला हवा बदलली तरी बदलेना. घरी त्याने हवेवरच ढकललं आणि डॉक्टरकडे एकटाच गेला. कुठला दगड कापता, असं डॉक्टरने विचारलं, तेव्हा हा वालुकाश्माच्या जन्मापासून सुरू झाला. डॉक्टरने हात वर केला.

“वाळूचा दगड म्हणजे बहुतेक गारगोटीचाच चुरा. त्याची बारीक धूळ फुफ्फुसात रुतून गाठी झाल्यात. झालंय ते मागे जाणार नाही. तुमच्या शेजारी आणखी कोण बसतं?”

“मेव्हणा,” भूगोल म्हणाला.

घरी येताना त्याला स्वतःचंच प्रवचन आठवत होतं. बाकी सगळं झिजून जातं आणि जे झिजत नाही त्याची वाळू होते, हे त्याने शंभर जणांना सांगितलं होतं. मऊ होता तो मधला चिकटा; कण नव्हेत. ग्रॅनाइटमध्ये ही गारगोटी त्याहून कमी, संगमरवरात जवळजवळ नाहीच. हेही त्याला पाठ होतं. पण पुराणातली वांगी पुराणात.

उपाय प्रत्येक ओट्यावर होता: पाण्याचा नळ. पाणी सोडून कापलं की धूळ उडत नाही. पण पाण्याने खडूची रेघ पुसते, दगड काळवंडतो, म्हणून सगळे कोरडंच कापत आणि कोरलेल्या अक्षरातली भुकटी फुंकून काढत. एका दमात अख्खा शब्द साफ करील तो खरा कारागीर, अशी तिथली परीक्षा होती. ती घालून दिली होती भूगोलानेच.

चहाच्या वेळी त्याने भाऊजींना सांगितलं, की नळ सोडा, नाहीतर संगमरवराकडे जा, मी मालकाशी बोलतो. स्वतःच्या छातीचा विषय त्याने काढला नाही. भाऊजींनी चहा संपवला, पेला पालथा घातला.

“बारा वर्षं तुम्ही बसलात, दादा. मी आलो आणि धूळ दिसायला लागली होय?”

संध्याकाळी बहीण आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

“जागा परत हवी असेल तर सरळ सांग. त्यांना भीती कशाला घालतोस?”

खोकला आला तो भूगोलाने गिळला. चहा टाकू का, एवढंच विचारलं. ती उंबऱ्यावरूनच परत गेली.

सकाळी दोघं एका शाळेची पाटी कोरत होते. भाऊजींनी आपल्या शब्दावर फुंकर मारली. शब्द लख्ख झाला. मग ते ओटा सोडून बाजूला झाले.

“आता तुम्ही.”

भूगोल आपल्या शब्दावर वाकला. फुंकर मारली. पहिल्या अक्षरातली भुकटी जरा हलली आणि जागच्या जागी बसली. त्याने पुन्हा मारली. मग खोकला असा आला, की ओटा धरून उभं राहावं लागलं.

भाऊजी त्याच्याकडे पाहत नव्हते; अक्षराकडे पाहत होते. ते अक्षर साफ करायला सवयीने वाकले, ओठ पुढे केले आणि तसेच थांबले. मग सरळ होऊन त्यांनी नळाला हात घातला. नळ गंजून घट्ट बसला होता. हातोडीचे दोन ठोके बसल्यावर आधी तांबूस, मग स्वच्छ पाणी आलं. भुकटी वाहून गेली. खालच्या ओळीची आखणीही गेली.

“हिला कोण सांगणार?” भाऊजींनी विचारलं.

भूगोलाने खडू उचलला आणि ओल्या दगडावर रेघ मारून पाहिली. उमटली नाही.