उतारावरचं डिझेल

ब्रेक जळाल्याचा वास आला की मला बडोद्याच्या सुभानपुऱ्यातला साहेबांचा दिवाणखाना आठवतो. मी त्यांचा ड्रायव्हर, सातवीतून शाळा सोडून साताऱ्याकडच्या घाटातून आलेला; नोकरी आणि राहायला खोली त्यांनीच दिली होती. प्रतीक्षायादीत नंबर न लावता मिळालेली नवी जीप घेऊन हिमाचलातल्या कच्च्या रस्त्यांवर जायचं घाटत होतं. जवळच्या पावागडाच्या डोंगरापलीकडे चढ न पाहिलेले साहेब नकाशावर फूटपट्टी लावून दिवसाला चारशे किलोमीटर आखत होते. "उतारावर इंजिन बंद करायचं, डिझेल वाचतं," असं त्यांनी मुलांना ऐटीत समजावलं. मी मध्येच बोललो. "साहेब, नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ब्रेक जळून गाडी दरीत जाईल. घाट गिअरमध्येच उतरायचा." "अल्या, सातवी शिकून इंजिनिअरला शिकवतोस?" साहेब हसले. "मग मी गाडी चालवणार नाही," मी म्हणालो, आणि खोली गेलीच असं धरून चाललो. तेवढ्यात साहेबांच्या बायकोनं, वहिनींनी, बॅगेतले मुलांचे स्वेटर काढून परत कपाटात ठेवले. जीप पुढे शेजारच्या पादरा गावापलीकडे गेली नाही, आणि मला कुणी काढलंही नाही. त्या घराचे उपकार आजही मानतो; पण साहेबांची ती हुशारी आठवली की अजून थुंकावंसं वाटतं.