बरणीवरचा चेहरा

फिलिपिन्समधल्या दिपोलोगच्या मासळीबाजारात पानिंगला शोधावं लागत नसे. तिचा आवाज आधी कानावर यायचा. खरं नाव एपिफानिया, पण ते फक्त पाद्रीबाबांच्या तोंडी. बाकी गावाची ती मानांग पानिंग, म्हणजे पानिंगताई. तारलीच्या टोपलीसमोर उकिडवी बसून ती एकेक मासा उलटापालटा करायची आणि विकणाऱ्या पोराला म्हणायची, "काय रे दोंग, ही आजची तारली? हिचे डोळे बघ, माझ्या सासऱ्यांचे अखेरच्या आठवड्यात असे झाले होते!" बाजार हसायचा, पोरगा लाजायचा आणि मागच्या बोटीतली ताजी टोपली पुढे यायची.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती तारली बरणीत भरायची. डोकी-आतडी काढून मिठाच्या पाण्यात मुरवायची, मग तेल, गाजराच्या चकत्या, आंबवलेली काकडी, तमालपत्र आणि एक लाल मिरची घालून बरण्या मोठ्या कुकरमध्ये शिजवायची. इतकं, की काटासुद्धा जिभेवर विरघळला पाहिजे. नवरा सिरियो तीनचाकी चालवायचा. तिच्या बरण्या बसस्टँडवर पोचवायचा आणि घरी आला की गप्प बसायचा. मूलबाळ नव्हतं. पण लव्हेला होती.

लव्हेला पानिंगच्या मैत्रिणीची मुलगी. बाप्तिस्म्याला तिला हातात धरून उभी राहिली ती पानिंगच, म्हणून पानिंग तिची निनांग, धर्माची आई. पोरीची सख्खी आई हाँगकाँगला घरकामाला गेली आणि मग पोरगी वाढली ती पानिंगच्याच ताटात जेवून. पुढे शिकली, सेबूला एका जाहिरात कंपनीत लागली आणि काही वर्षांनी परत आली ती डोक्यात एक बेत घेऊनच.

"निनांग, तू मासे विकणं बंद कर," तिने आल्या आल्या सांगितलं.

"मग काय विकू? नवरा? त्याला कोण घेतोय!"

"स्वतःला वीक."

"मेले, हळू बोल. शेजारीण चर्चला जाणारी आहे."

लव्हेला हसून लोळली. मग तिने नीट समजावलं. लोकांची बोटं दिवसभर फोनवर सरकत असतात. दोन-तीन श्वासांत बोट थांबवलं नाही तर गिऱ्हाईक गेलं. मासा बघून कुणी थांबत नाही, माणूस बघून थांबतं. तिने दोन जाहिराती केल्या. एकीत पांढऱ्या कापडावर देखणी बरणी. दुसरीत पानिंग हातात सुरी घेऊन कॅमेऱ्यालाच दटावत होती, "बघत काय बसलायस? भात टाक आधी, मी तारली आणते!" दोन्ही थोड्या थोड्या लोकांना दाखवल्या. देखणी बरणी पडून राहिली. सुरीवाली पानिंग मनिलापर्यंत पोचली.

"आता ज्यांनी तुला शेवटपर्यंत पाहिलं ना, त्यांनाच पुन्हा पुन्हा दाखवायचं. ते जिथे जातील तिथे तू त्यांच्या मागे."

"म्हणजे मी बाजारात गिऱ्हाइकाच्या मागे ओरडत जाते, तसंच की."

"तसंच. फक्त आता त्यांच्या घरात शिरून ओरडायचं."

पानिंगला हे पटलं. न पटलेलं एकच. शेड बरण्यांनी भरलेली असताना लव्हेला लिहायची, 'थोड्याच उरल्या, त्वरा करा.' पानिंग म्हणाली, "ही थाप झाली की गं." लव्हेला म्हणाली, "सगळेच करतात, निनांग." पोरीला जास्त कळतं, असं म्हणून पानिंगने विषय सोडला.

बरणीवर पानिंगचा हसरा फोटो आला. शेजारच्या दोघी कामाला आल्या. तीनचाकीत बसलेली अनोळखी माणसं सिरियोला विचारायची, "त्या बाईंचे मिस्टर ना तुम्ही?" तो घरी येऊन हे अगदी कोरड्या चेहऱ्याने सांगायचा, पण शर्ट मात्र इस्त्रीचा घालायला लागला. फोनवरचं पान, त्याचा पासवर्ड, नावाची सरकारदरबारी नोंदणी, पार्सल, सगळं लव्हेलाकडे. पानिंगने कधी विचारलं नाही. "तिच्या हातात फोन, माझ्या हातात सुरी," ती कौतुकाने सांगायची. आपल्याच पोरीला काय विचारायचं?

तिकडे वर्षअखेरीला तारलीची बंदी लागते. मासा अंडी घालतो, बोटी किनाऱ्याला राहतात. पानिंग दरवर्षी या दिवसांत कुकर घासून पालथे घालायची.

"निनांग, जाहिरात थांबवली की आपण लोकांच्या फोनवरून पुसलो जातो. मग पुन्हा पहिल्यापासून सगळं. बाहेरून मासा आणू."

"बाहेरचा म्हणजे बर्फातला. त्याचा काटा विरघळत नाही, मांस विरघळतं. लोक विसरले तर विसरू देत. मासळीला तरी उसंत मिळू दे."

लव्हेलाने फोन खाली ठेवला. मग गोड आवाजात म्हणाली, "बरं निनांग. तू आराम कर." त्या गोड आवाजाची आठवण पुढे पानिंगला फार दिवस झोपू देणार नव्हती.

जानेवारीत समुद्रापलीकडच्या दुमागेतेहून मिस आबेयानांचा फोन आला. निवृत्त शिक्षिका, पानिंगची जुनी गिऱ्हाईक. चेहरा दिसेल असाच फोन केला होता.

"पानिंग, तुला बरं नाही का गं?"

"मी ठणठणीत आहे. का हो मिस?"

"मग हे काय पाठवलंस? मासा उचलायला गेलं की भुगा होतोय. तेलाला वास. मी या बरण्या माझ्या बहिणीला भेट दिल्या, पानिंग. तिला आता तोंड कसं दाखवू?"

"अहो पण माझे कुकर महिनाभर पालथे आहेत. मी एक बरणी भरलेली नाही."

मिस आबेयानांनी बरणी फोनसमोर धरली. त्यावर पानिंग खदखदून हसत होती.

सिरियोने आपल्या फोनवर शोधलं. जाहिरात चालूच होती. मागच्या वर्षीची पानिंग सुरी हलवून सांगत होती, "आज सकाळचीच तारली, माझ्या हातची!" खाली लोक मागणी नोंदवत होते. त्या छोट्याशा फोनमधून आपलाच आवाज ऐकून पानिंगने फोन पालथा घातला.

आणि तरीही तिच्या मनात पहिली आली ती काळजी, तीसुद्धा लव्हेलाची. कुणी चोरट्याने पोरीचं पान लुटलं असणार! सिरियोने तीनचाकी काढली. समुद्राजवळच्या रस्त्यावर लव्हेलाने खोली घेतली होती, तिथे पानिंग धापा टाकत शिरली आणि दारातूनच ओरडली, "इंदाय, पोरी, घात झाला! कुणीतरी आपलं नाव चोरलंय गं!"

लव्हेला उठली नाही. खोलीभर खोकी रचलेली होती. उघड्या खोक्यातून एकसारख्या बरण्या डोकावत होत्या आणि प्रत्येकीवर पानिंग हसत होती.

पानिंगने खोक्यांकडे पाहिलं, मग पोरीकडे. "या कुठल्या?"

"कारखान्यातून भरून घेतल्या. बस ना, निनांग. पाणी देऊ?"

"माझ्या तोंडावर कुणाचा मासा विकतेस तू?"

"तू बंद ठेवलंस, मी थांबले नाही. एवढंच." लव्हेलाचा आवाज शांत होता. पाठ करून ठेवल्यासारखा. "खरं सांगू? तुझी तारली चांगलीच आहे. पण या गावात चांगली तारली करणाऱ्या शंभर बायका आहेत. त्यांना कोण ओळखतं? तुला ओळखणारी माणसं मी जमवली. एकेक करून."

"त्यांनी विश्वास माझ्यावर ठेवला."

"तुझ्या चेहऱ्यावर. तो त्यांच्यापर्यंत मी नेला."

"तू माझ्या ताटात जेवलीस गं."

"ते मी विसरलेले नाही. म्हणून तर तुझ्यासाठी वाटा काढून ठेवणार होते."

सुरीने कापलं असतं तर निदान रक्त तरी दिसलं असतं. हा केसाने गळा कापलेला. "तो फोटो काढ बरणीवरून," पानिंग म्हणाली.

"नाव माझ्या नावावर नोंदलंय, निनांग. तूच म्हणालीस, 'तुझ्याच नावावर कर, मला ते कळत नाही.' फोटोही तूच हसत हसत काढू दिलास."

परत येताना सिरियोने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. तीस वर्षांत पहिल्यांदा तो आवाज चढवून बोलला, "मी जाऊन ती खोकी फोडतो." पानिंगने त्याचा दंड धरला. "नको. तिची आई तिकडे परदेशात एकटी आहे. तिला काय सांगशील?" आणि मग ती रडली.

गावच्या कप्तानापुढे, म्हणजे सरपंचापुढे, बोलणं झालं. नोंदणीचा कागद पाहून तो म्हणाला, "चेहरा हिचा, नाव तिचं. घरातली भांडणं घरात मिटवा." शेजारणीने पानिंगला नवीन पान काढून दिलं. पानिंगने फोनसमोर उभं राहून साधं सांगितलं: मीच पानिंग, त्या बरण्या माझ्या नाहीत.

संध्याकाळपर्यंत लोक तुटून पडले. 'लाज नाही वाटत, आमच्या मानांगची नक्कल करायला?' 'ती किती हसरी, तू बघ कशी सुतकी.' 'म्हातारे, स्वतःचं काहीतरी कर की.' पानिंग एकेकाला उत्तर देत बसली, मीच ती, मीच ती. लव्हेलाच्या पानावर मोठ्या अक्षरांत सूचना झळकली: भामट्यांपासून सावध राहा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. मग कुणीतरी तक्रार केली आणि तोतया म्हणून पानिंगचंच पान बंद झालं. जिने हे सगळं केलं तिला लहानपणी खोटं बोललीस तर जीभ झडेल असं पानिंगनेच शिकवलं होतं.

त्यानंतर ती बाजारात गेली तरी तिचा आवाज ऐकू येईना. मासेवाले मुद्दाम शिळी टोपली पुढे करायचे, ती चिडावी म्हणून. ती नुसती मान हलवायची.

बंदी उठल्यावर मिस आबेयाना बोटीने स्वतः आल्या. शेडमध्ये स्टुलावर बसून त्यांनी पहिल्या घाण्यातली बरणी उघडायला लावली आणि भाताबरोबर अख्खी संपवली. "आता बोल," त्या बोट चाटत म्हणाल्या, "किती बरण्या देतेस? माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना मी स्वतः सांगणार. फोनवर नाही, तोंडाने." तिथून पुढे पानिंगने बरणीवर फोटो लावला नाही. शेजारच्या दापितान बंदराच्या धक्क्यावर टेबल मांडून ती बोटीच्या उतारूंना विकू लागली. एक तरुण एकदा फोन दाखवून म्हणाला, "मावशी, या बाईंची तारली आहे का तुमच्याकडे?" पानिंगने जाहिरातीतल्या स्वतःकडे पाहिलं. "ती बाई आता मासे करत नाही," ती म्हणाली. "ही खाऊन बघ." त्याने घेतली नाही. पण बोट सुटायच्या आत दुसऱ्या दोघांनी घेतली.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चबाहेर झावळ्या घेतलेल्या लोकांची गर्दी होती. गर्दीतून लव्हेला पुढे आली, नवा झगा, केस छान बांधलेले. सगळ्यांदेखत ती वाकली आणि तिने पानिंगचा हात कपाळाला लावला. धाकट्यांनी वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घ्यायचा, तसा. आजूबाजूच्या बायका समाधानाने हसल्या. मिटलं वाटतं यांचं.

"बारीक झालीस, निनांग," लव्हेला हळूच म्हणाली. तिचे डोळे ओले होते, की तसे वाटले, हे पानिंगला आजवर ठरवता आलेलं नाही. लव्हेला गर्दीत मिसळून गेली.

घरी येऊन पानिंगने झावळी दाराला खोचली आणि ती पायरीवर बसून राहिली. लव्हेलाच्या जाहिराती अजून चालू होत्या. सकाळीच सिरियोला एका उतारूने एक दाखवली होती.

"हात मागे घ्यायला हवा होता मी," ती म्हणाली.

सिरियो गाडीचं चाक पुसत होता. "मग घेतला का नाहीस?"

"तिला वाकलेलं बघितलं आणि हात आपोआप वर गेला," पानिंग म्हणाली. "काय घडलंय ते या हाताला अजून कुणी सांगितलेलंच नाही."