तिसरी विहीर

दुरुस्तीवाल्याची जीभ त्याच्या सोल्डरिंग गनपेक्षा जास्त भाजते, असं गल्लीत सगळेच म्हणत. शेजारच्या टेलरबाईने जुनी गेमची कॅसेट टेबलावर ठेवली, तेव्हा त्याने नाक मुरडलंच.

"हा गेम? सिनेमा आपटला आणि त्याच्यावर काढलेला गेम त्याच्याही वरताण. बटण दाबलं तरी हिरो आधी विचार करतो, मग उडी मारतो. याच्यापायी मी लहानपणी घरचा टीव्ही फोडणार होतो!"

"त्यात बाबांचा खेळ जपलेला आहे," ती म्हणाली. "बाबा गेले, पण चालू केलं की त्यांचं नाव येतं. आतली बॅटरी संपत आलीय."

त्याने कॅसेट उचलून उलटसुलट पाहिली. बॅटरी बदलेपर्यंत कॅसेट गेमच्या यंत्रात घालून ते चालूच ठेवायला हवं. क्षणभर वीज तुटली, की सगळं पुसलं जाणार.

त्याने कॅसेट उघडी करून यंत्रात खोचली. पडद्यावर 'बाबा' उमटलं. जुनी बॅटरी निघाली, नवी जागेवर बसली. आता फक्त कथिलाचे दोन डाग द्यायचे. त्याने उजव्या हातात गन घेतली, आणि डाव्या हाताने, तीस वर्षांच्या सवयीने, डाग देण्याआधी यंत्राचं बटण बंद केलं.

पडदा काळा झाला.

"बाई, माझ्या हातून गेलं," तो म्हणाला.

ती मटकन स्टुलावर बसली. रडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. गपचूप डाग देऊन त्याने यंत्र चालू केलं आणि नव्याने 'बाबा' लिहिलं.

"कुठवर आले होते ते?"

"तिसऱ्या विहिरीपर्यंत. तिच्यात हमखास पडायचे. एक पडला की दुसऱ्याची पाळी, म्हणून मग मी खेळायचे."

त्याने दुसरा रिमोट तिच्या हातात दिला. पहिल्या विहिरीत तो दोनदा पडला, दुसरीत चारदा, दात-ओठ खात. दर वेळी ती आपली पाळी खेळली. तिसरी मात्र त्याने पहिल्याच उडीत पार केली.

"हात्तिच्या! ही तर सगळ्यांत सोपी!"

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. ती पडद्याकडे बघत राहिली होती.

"रोज पडायचे हो," ती हळूच म्हणाली. "मी शाळेतून आले की रोज."

तिचे डोळे भरून आले. त्याने हिरोला मागे वळवलं, विहिरीच्या काठाशी नेलं आणि आत ढकललं.

"खेळा," तो म्हणाला. "तुमची पाळी."