पाटावरचा पाना

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. भिंगारच्या बाजारात मामाचा छापखाना होता आणि छपाईत बिघडलेली पत्रकं आई घरातल्या फळ्यांवर अंथरायची. ‘जागे व्हा!’वर पितळी डबे, ‘धिक्कार असो!’वर लोणच्याची बरणी. कॉलेजात गेल्यावर मी स्वतःचं पत्रक काढलं, तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. ‘सगळे रणगाडे वितळवा, लोखंड शेताला द्या!’ एकाहत्तरचं युद्ध संपून वर्ष होत आलं होतं, जिल्हा दुष्काळात होरपळत होता. त्यातल्या एकाही शब्दाची मला लाज वाटत नव्हती. आजही वाटत नाही.

अडचण एवढीच, की माझे वडील लष्कराच्या वर्कशॉपात रणगाडेच दुरुस्त करायचे.

अण्णांनी पत्रक दोनदा वाचलं. जेवताना हळूच म्हणाले, “सगळे म्हणजे आमचा म्हातारासुद्धा?”

म्हातारा म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला एक रणगाडा. अण्णा नवीन लागले तेव्हा त्याच्याच इंजिनावर काम शिकले. त्याचे सगळे भाऊबंद कापून भंगारात गेले होते. वर्कशॉपात हा एकच उरला होता. साहेबांनी सांगितलं होतं, खंडेनवमीला तो आपल्या बळावर मैदानातल्या चौथऱ्यापर्यंत गेला तर जपून ठेवू. नाही तर दसरा झाला की कापायचा. दसऱ्याच्या पहाटेच साहेब बदलीवर निघणार होते, त्यामुळे पुन्हा संधी नव्हती. अण्णा महिनाभर त्याच्या पोटात शिरून बसले होते.

खंडेनवमीला कामगारांच्या घरच्यांनाही पूजेला बोलवायचे. हत्यारांची पूजा मला मुळीच मान्य नव्हती, तरी गेले. पाटांवर पाने, हातोडे, पकडी मांडलेल्या. ज्यानं म्हातारा कापायचा तो गॅस कटरही हळदकुंकू लावून बसलेला. पूजेला लावलेल्या हत्याराला दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही, हा तिथला कडक नेम.

म्हातारा झोकात सुरू झाला. निम्म्या वाटेत खोकला आणि बंद पडला.

अण्णांनी झाकणातून डोकं बाहेर काढलं. “डिझेलच्या नळीत हवा धरलीय. एक नट सैल करून हवा काढली की झालं.”

सगळ्यांनी पाटांकडे पाहिलं. हललं कोणीच नाही.

“हातानं न्हाई का व्हनार?” हेडमिस्त्रींनी विचारलं.

“तुमच्या दातांनी बघा होतंय का,” अण्णा म्हणाले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मिस्त्री माझ्याकडे वळले. “ए पत्रकवाली, तू न्हाई ना मानत ह्यातलं काई? मग उचल की पाना!”

“मिस्त्रीकाका, रणगाडे वितळवा असंही मीच छापलंय.”

“मंग कंचं खरं करायचं ते ठरीव बिगीबिगी. सायेब निगाले!”

हशा पिकला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी मला काही मागितलंही नाही. फडक्यानं एकेक बोट पुसत राहिले.

गेल्याच आठवड्यात त्यांचा डबा घेऊन गेले होते, तेव्हा हट्टानं म्हाताऱ्याच्या आत बसून पाहिलं होतं. गुडघे हनुवटीला, लोखंड तव्यासारखं तापलेलं, बाहेरचं जग बोटभर फटीतून. युद्धाची भाषणं ठोकणाऱ्या प्रत्येकाला इथं दहा मिनिटं कोंबलं पाहिजे, असं तेव्हा वाटलं होतं. म्हातारा वितळवला तर त्यांना कोंबणार कशात?

मी पाना उचलला. मागून कोणीतरी “अगं बाई!” म्हणालं. अण्णांनी तो घेताना क्षणभर हात आखडला, मग मिस्त्रींना ऐकू जाईल असं म्हणाले, “मी पाटावरून नाही उचलला हां. पोरीच्या हातून घेतला.”

थोड्याच वेळात काळ्या धुराचा एक लोट निघाला, झेंडूची माळ थरथरली आणि म्हातारा चौथऱ्यापाशी ठेवलेलं लिंबू पट्ट्याखाली चिरडत थेट वर चढून बसला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री तर नाचायचेच बाकी होते.

“पुसून ठेव,” अण्णांनी पाना मला परत दिला. “होता तिथंच.”

मी ठेवला. वरचं फूलही नीट ठेवलं. मानत नसले म्हणून काय झालं?

त्या संध्याकाळी छापखान्यात उरलेली पत्रकं घेऊन बसले आणि मथळ्याखाली प्रत्येकावर पेनानं लिहिलं, ‘एक सोडून’. मामा म्हणाला, “घोषणेचा जोर गेला.” गेला असेल. अण्णांनी मात्र त्यातलं एक मागून घेतलं, आणि आई ते फळीवर अंथरायला न्यायला लागली तर देईचनात.