कोणाला सांगणार नाही

मी मुळात भित्री बाई. हे आधीच सांगून टाकते, कारण व्यायामाचे वर्ग घेणारी म्हटलं की लोकांना वाटतं, ही कणखर असणार. ट्रॅक पँट, गळ्यात शिट्टी, खणखणीत आवाज. सगळा वरवरचा थाट. साधी एसटी जरा जोरात वळली तरी मी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरते.

सकाळी महाडला आणि मंगळवार-शुक्रवारी दुपारी पोलादपूरला, एका देवळाच्या सभामंडपात, असे माझे दोन वर्ग. पोलादपूरचा वर्ग माझा जास्त लाडका. दुकानदारांच्या बायका, दोन शिक्षिका आणि उमरठच्या बाजूच्या वाड्यांवरून मिनीडोर रिक्षाने येणाऱ्या चार-पाच जणी. या वाडीवाल्या साडीचा काष्टा घालून अशा बैठका मारतात की शिक्षिका बघत राहतात.

गेल्या वर्षी मी व्यायाम-प्रशिक्षणाची एक पदविका घरबसल्या करायला घेतली. तिचा शेवटचा भाग म्हणजे आपल्याच कामातला एक प्रश्न घेऊन केलेला छोटा संशोधन प्रकल्प. संशोधन हा शब्द वाचूनच मी पुस्तक मिटलं. महिनाभर टाळाटाळ केल्यावर एक साधा प्रश्न सुचला. ‘दमलात का?’ असं मी दर वर्गात दहा वेळा विचारते. बायका जे उत्तर देतात ते खरं असतं का? प्रत्येकीने शून्य ते दहामधला आकडा सांगायचा, शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे आता पडेन. मी लगेच मनगट धरून नाडी मोजायची आणि दोन्हींचा मेळ बसतो का ते बघायचं. सहा आठवडे, बारा बायका, एक वही.

माझ्या मार्गदर्शक बाई पुण्याच्या, आमची भेट फोनवरच. त्या म्हणाल्या, “आधी आराखडा आणि संमतीपत्र पाठवा. मी बघितल्याशिवाय सुरू करू नका.” पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. संमतीपत्र लिहून झालं तसं मला राहवेना. म्हटलं, एकच दिवस करून बघू, आकडे विचारायला किती वेळ लागतो ते तरी कळेल. त्या कागदात मी एक वाक्य मोठ्या हौसेने घातलं होतं: ‘तुम्ही दिलेली माहिती कोणत्याही परिस्थितीत कोणालाही सांगितली जाणार नाही.’ वकिलाने लिहिल्यासारखं भारदस्त वाटत होतं. शुक्रवारी सभामंडपात मी तो कागद मोठ्याने वाचून दाखवला आणि सगळ्यांनी सह्या केल्या.

पहिल्या फेरीनंतर आकडे विचारले. दोन, दोन, तीन, दोन. एकीने तर शेजारणीकडे बघून सांगितलं. दमले म्हणायची लाजच वाटते आमच्याकडे. दमले म्हणजे घरचं काम झेपत नाही, असा अर्थ निघतो. मग आल्या काकी. पंचावन्नच्या पुढच्या, वाडीवर एकट्या राहणाऱ्या, दोन्ही मुलगे मुंबईला. या काकी माझ्या वर्गाची शान. कधी थांबायच्या नाहीत, कधी कुरकुर नाही. म्हणून मी त्यांना पहिल्या रांगेत आणलं होतं, वजन म्हणून उचलायच्या पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या काढून एक लिटरच्या दिल्या होत्या आणि तरण्या पोरींना येता-जाता चिडवत होते, “बघा काकींकडे, शिका काहीतरी!”

काकी म्हणाल्या, “एक.”

मी हसत त्यांचं मनगट धरलं. आधी नाडी सापडेना. सापडली तर मोजता येईना. भराभर ठोके, मग मध्येच एक गाळलेला, मग पुन्हा पळापळ. मला वाटलं, माझंच चुकतंय. पुन्हा मोजली. तळहात गार आणि ओला लागला. वर बघितलं तर काकींच्या ओठांवर घाम आणि चेहरा अगदी शांत, शाळेतल्या तपासणीला उभं राहावं तसा. बाकीच्यांना पाणी प्या म्हणून सांगून मी काकींना देवळामागच्या पायरीवर बसवलं.

“काकी, खरं सांगा. काय होतंय?”

त्यांनी पदराने ओठांवरचा घाम पुसला. मग म्हणाल्या, “गनपती झाल्यापास्नं हितं दाबल्यासारं होतंय. वर वाडीवर चढताना दोन येळा बसाय लागतं.” हात छातीवर ठेवला होता.

“आणि तुम्ही इथे बाटल्या उचलत होतात? मला का नाही बोललात?”

“तुमी सगल्यांना माजंच नाव सांगता ना मॅडम. मंग मी कशी थांबू?”

आजतागायत कोणी मला इतकं सरळ थोबाडीत मारलेलं नाही. मी म्हटलं, चला, आत्ता दवाखान्यात जाऊ, निदान मुलाला फोन करू. काकींनी माझा हात घट्ट धरला. “नाय. पोरान्ला कललं तर मुंबयला नेतील. दहा बाय दहाची खोली, नि मंग परत कोन पाठवतोय? माजं घर बंद पडंल.” मी काही बोलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, “तुमीच वाचून दाखवलंत ना आता, कोनाला सांगनार नाय म्हनून? मी सही केलीया.”

बाहेर मिनीडोरवाला हॉर्न वाजवत होता. बरोबरीच्या बायकांनी हाक मारली, काकी उठल्या, पदर सारखा केला आणि गेल्या. मी त्यांना जाऊ दिलं. आडवं पडायला हवं होतं त्या गाडीपुढे, पण मी हात हलवून निरोप दिला.

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर मी बाकड्यावर बसले. महाडची एक गाडी गेली, दुसरीही गेली. वर्गात नाव घालताना काकींच्या अर्जावर मुलाचा नंबर मीच माझ्या हाताने लिहून घेतला होता, फोनमध्येही ठेवला होता. फोन काढायचा, नंबर उघडायचा आणि पुन्हा पिशवीत टाकायचा, असं चाललं होतं. आता त्या रस्त्यावर उतरल्या असतील, आता चढ लागला असेल, आता पहिल्यांदा बसल्या असतील, हे एकसारखं डोळ्यांपुढे येत होतं. आणि लाज वाटते, पण लिहिते: भीती सगळी त्यांच्यासाठी नव्हती. काकींना काही झालं तर ‘व्यायामवालीने म्हातारीला मारलं’ असं सगळं पोलादपूर म्हणेल, याचीही होती. दिलेला शब्द मोडला तर त्या पुन्हा तोंड बघणार नाहीत, याचीही होती.

शेवटी मी फोन लावला. मुलगा कामावर होता, आधी त्याला कळेचना कोण बोलतंय. कळल्यावर तो एवढंच म्हणाला, “मॅडम, निघतोच.”

तो त्याच रात्री येऊन काकींना मुंबईला घेऊन गेला. त्यांच्या हृदयाच्या दोन नसा बंद होत्या. तिथे स्टेंट बसवले. मुलाने फोन करून माझे इतके आभार मानले की मला रडू फुटलं. मग तो म्हणाला, आईशी बोला.

“काकी, बऱ्या आहात ना?”

“बरी हाय,” त्या म्हणाल्या. “घराला कुलूप लावलंय.” आणि फोन मुलाच्या हातात दिला.

मार्गदर्शक बाईंना मी फोनवर सगळं सांगितलं. त्या रागावल्या, रागावणारच. मग म्हणाल्या, “फोन केलात ते बरोबर केलंत. चुकलं ते वाक्य. जे पाळता येणार नाही ते कबूल करायचं नसतं. कधी सांगावं लागेल, हे आधीच लिहायचं.” त्यांनी कागद दुरुस्त करून घेतला आणि आराखडा मंजूर केला. नवीन वाक्य असं: ‘जिवाला धोका आहे असं वाटलं, तर तुमच्या घरी कळवलं जाईल.’

त्यानंतरच्या मंगळवारी मी ते सभामंडपात वाचून दाखवलं. काकींची बातमी सगळ्यांना कळली होती. सगळ्यांनी निमूट सह्या केल्या. फेरी झाल्यावर मी आकडे विचारले, तर रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच उत्तर, “बरं हाय मॅडम.”

काकींच्या शेजारच्या वाडीची एक जण पहिल्या रांगेत उभी होती. तिला धाप लागलेली मला दिसत होती. मी तिच्या मनगटाला हात लावायला गेले. तिने हसत हसत हात मागे घेतला आणि पदराखाली लपवला.