आईंचा पिक्चर शोधायला नागपूरहून गोव्याला

आधीच सांगून ठेवते, गोव्याच्या चित्रपट महोत्सवाला कसं जायचं, काय खायचं हे या लेखात कळेल, पण माझा गोंधळ मिटलेला दिसणार नाही. गोंधळलेली गेले, तशीच परत आले. फक्त येताना काजूची पाकिटं सोबत होती.

गणपती गेले की मला एक खाज सुटते. यंदा गोव्यात कोणते नवे सिनेमे पहिल्यांदा दाखवतील, याचे अंदाज बांधायचे. मनीषनगरच्या आमच्या छोट्याशा फिल्म क्लबात यावर पैजा लागतात आणि हरणाऱ्याने सगळ्यांना सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर भरलेली आमची नागपुरी वडी, खाऊ घालायची असते. माझी एक युक्ती आहे. कोणता दिग्दर्शक अचानक गप्प झाला, यावर मी नजर ठेवते. ज्यांची निवड होते त्यांना यादी जाहीर होईपर्यंत बोलायची मुभा नसते म्हणे. रोज फोटो टाकणारा माणूस एकाएकी मौनात गेला की त्याचं काम झालं समजावं. या युक्तीवर मी पुष्कळ सांबारवडी खाल्ली आहे.

यंदा मात्र प्रश्न घरातलाच होता. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात नागपुरातच, सक्करदऱ्याला माझ्या नणंदेच्या घरी एका सिनेमाचं शूटिंग झालं. काकूचं काम करणारी बाई ऐनवेळी आजारी पडली. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, तिथेच होत्या आणि चहा बिघडवला म्हणून सगळ्या युनिटला झापत होत्या. चष्मेवाल्या बारीक दिग्दर्शिकेने दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि त्यांनाच गॅससमोर उभं केलं. वाक्य एकच होतं: "भाजी जळून राहिली, अन् तू आभाळात काय पाहून राहिली वं?"

हे वाक्य आता आम्ही राहतो त्या नंदनवन वस्तीत अख्ख्या गल्लीला पाठ आहे. आईंचं माहेर उमरेडकडचं, शेतीचं. या बांधावरून त्या बांधावर बोलायची सवय, ती दोन खोल्यांच्या घरातही सुटली नाही. पण सिनेमा काही येईना, आणि समोरच्या कुसुमताई येता-जाता विचारायच्या, "काय वं, तुमचा पिक्चर कधी येऊन राहिला?" विचारून झालं की तोंडाला पदर लावायच्या. आईही हसण्यावारी न्यायच्या. पण एकदा मेथी निवडता निवडता मला म्हणाल्या, "मले एकडाव पाहू दे वं. मी त्याच्यात आहो का नाही, तेवढंच पाहाचं आहे."

मग युनिटमधल्या मेकअपवाल्या बाईचा नणंदेला निरोप आला, आपला सिनेमा गोव्याला पाठवलाय. मी आईंना समजावून सांगितलं, की पाठवणं वेगळं, निवड होणं वेगळं. शेकडो लोक पाठवतात.

"पाठवला त पोचनच ना! पोस्टात पडून राहते का?"

दिग्दर्शिकेचा फोन लागेना. मेकअपवाल्या बाईनेही पुढे उत्तर दिलं नाही. सगळे गप्प! माझ्या युक्तीप्रमाणे याचा अर्थ एकच होता. इकडे रेल्वेचं आरक्षण उघडलं होतं आणि महोत्सवाची यादी यायला अवकाश होता. थांबलं तर गाडी भरते, म्हणून आम्ही तिकिटं काढून मोकळ्या झालो. ज्या सिनेमाचं नाव माहीत नाही, निवड माहीत नाही, त्याच्यासाठी. नवऱ्याने कपाळाला हात लावला.

यादी आली आणि माझी अक्कल चालेनाशी झाली. शूटिंगच्या वेळी क्लॅपच्या पाटीवर नुसता आकडा असायचा, नाव पुढे ठेवणार होते. नणंदेला दिग्दर्शिकेचं नाव विचारलं तर म्हणाली, "आम्ही त मॅडमच म्हणत होतो. नंबरही मॅडम म्हणूनच आहे." पहिल्यांदाच दाखवणार असल्याने या सिनेमांची ना झलक, ना पोस्टर. प्रत्येकाबद्दल दोन ओळी, आणि त्याही अशा की वाचून आधी माहीत होतं तेही विसरावं. 'एका दुपारचं मौन.' 'मुलगी आणि तिचं शहर.' नवे मराठी सिनेमे तीनच होते, त्यातल्या दोनांवर खूण केली. तिसरा होता नजर जात चाललेल्या मुलीचा. त्यावर खूण केली नाही, कारण नणंदेकडची हिरॉईन चांगली टुकटुक बघत होती.

जाणाऱ्यांसाठी: नागपूरहून रात्रीच्या गाडीने पुणं गाठा आणि तिथून सकाळची पणजीची बस धरा. मध्ये भरपूर वेळ ठेवा, आमची गाडी उशिरा पोचली आणि स्वारगेटला अक्षरशः धावावं लागलं. घाटात पिशवी हाताशी असू द्या. आईंना काही झालं नाही, पिशवी मला लागली. महोत्सवाच्या दिवसांत लॉजचे भाव चढतात, त्यामुळे थिएटरपासून थोडं लांब, आतल्या गल्लीत खोली घ्या आणि चालत जा. सकाळी पाव आणि पातळभाजी खा, स्वस्त आणि पोटभर. आईंनी घरून तिखटाची पुडी आणली होती. ती पातळभाजीवर उलटी करून म्हणाल्या, "आता कुठे तोंडाले चव आली." शेजारच्या टेबलावरचे गोंयकार काका खोकायला लागले.

पहिला, 'एका दुपारचं मौन'वाला सिनेमा सकाळच्या खेळाला होता. प्रवेशपत्र आणि जागेचं बुकिंग आधी मोबाइलवर करावं लागतं, ते मी केलं होतं. पडद्यावर होडी. बराच वेळ होडीच. माणसं बोलतच नव्हती.

"हे सक्करदऱ्याचं तळं होय का?" आईंनी अख्ख्या थिएटरला विचारलं.

"आई, हळू बोला ना. हा समुद्र आहे."

"मंग आपला नाही." आणि त्या सरळ झोपल्या.

दुसरा डोंगरातल्या गावाचा निघाला. मुलगी होती, शहर नव्हतं. मध्येच एक म्हातारी चुलीपाशी दिसली तेव्हा आईंनी माझा हात गच्च धरला. म्हातारी वळली आणि हात सुटला. बाहेर पडलो. मांडवीच्या काठावर आम्ही दोघी शेवचिवडा खात बसलो. मला स्वतःचाच राग आला होता. एवढे अंदाज बांधणारी मी, आणि घरच्या माणसाचा सिनेमा मला ओळखता येत नव्हता. तो निवडला गेलाय की नाही, हेसुद्धा माहीत नव्हतं.

"कुसुमले का सांगू?" आईंनी नदीकडे बघत विचारलं.

उरला तो नजरेचा सिनेमा. त्याचं बुकिंग भरलं होतं. अशा वेळी हताश होऊ नका, ज्यांचं बुकिंग नसतं त्यांची वेगळी रांग असते आणि जागा उरल्या तर सोडतात. मात्र लवकर जा आणि पाणी जवळ ठेवा. आम्ही उन्हात उभ्या राहिलो. "पाय दुखून राहिले, हे लोक आत काहून घेऊन नाही राहिले?" असा जाहीर जाब आई मधून मधून विचारत होत्या आणि माझं "आई, हळू" चालूच होतं. शेवटी अगदी पुढच्या रांगेत, मान मोडेल अशा दोन खुर्च्या मिळाल्या.

सिनेमा सुरू झाला. मुलीचा चेहरा स्पष्ट, बाकी सगळं धूसर. तिला दिसत नाही म्हणून आपल्यालाही दिसायचं नाही, अशी कल्पना. पुसट दार, पुसट अंगण. मग भिंतीवर स्टीलच्या भांड्यांची एक चमकती रांग आली आणि मी ताठ बसले. ती मांडणी मी दर दिवाळीला पाहते. नणंदेचंच घर होतं ते! मुलीचा कान आणि गाल पडद्यावर भले मोठे, आणि तिच्यामागे दूर एक हिरवा डाग हलत होता. डाग गॅसपाशी गेला आणि थिएटरभर आवाज घुमला, "भाजी जळून राहिली, अन् तू आभाळात काय पाहून राहिली वं?"

सगळं थिएटर हसलं. पोट धरून, एकदम. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आई मात्र पडद्याकडे बघत होत्या, तो हिरवा डाग निघून गेला तरी बघत होत्या.

सिनेमा संपल्यावर चष्मेवाली दिग्दर्शिका मंचावर आली. तीच ती! प्रश्नोत्तरं झाली. आईंनी हात वर केला, पण माईक मागेच फिरत राहिला आणि वेळ संपली. गर्दीत आम्ही तिच्यापर्यंत पोचलो नाही.

"मी होती का नव्हती वं?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"होत्या ना आई. हिरव्या लुगड्यात. फक्त धूसर होत्या."

"मंग लोक काहून हासले? मी त रागावून राहिली होती."

बोलीला हसले, का वाक्याला, का आईंना, खरंच कळलं नव्हतं. वर मला त्या हसण्याचा आनंद झाला होता, तो चांगला की वाईट हेही समजत नव्हतं. मी चहाच्या रांगेत जाऊन उभी राहिले. आई मागे बाकावर बसल्या आणि तिथूनच ओरडल्या, "साखर जास्त सांगजो वं!"

माझ्या पुढची मुलगी गर्रकन वळली. केरळची होती, सिनेमाचं शिक्षण घेणारी. मला मागे टाकून सरळ आईंकडे गेली.

"आंटी, वो किचनवाली आवाज़ आपकी है ना?"

आईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हाव," त्या म्हणाल्या आणि चक्क हळू म्हणाल्या.

तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. तिने मैत्रिणींना हाका मारल्या आणि फोटो काढले. आईंनी तिचा हात धरून ठेवला आणि आपल्या नागपुरी हिंदीत विचारलं, "एक बात बताओ बेटा, तुम लोग हँसे कायको?"

ती विचारात पडली. "मालूम नहीं आंटी. आपकी आवाज़ आई और हँसी आ गई."

परतीच्या सगळ्या वाटेवर आई या उत्तराचा विचार करत होत्या. पुण्याला म्हणाल्या, पोरगी चांगली होती. वर्ध्याला म्हणाल्या, पण तिनं सांगितलं काहीच नाही. मीही तिथेच अडकले होते. आईंचं काम सिनेमात आहे का? आहे. ते कुणाला दाखवता येईल का? नाही. कुसुमताईंना फोटो दाखवावा तर तो थिएटरबाहेरच्या चहाच्या टपरीचा.

रिक्षा नंदनवनात वळली तेव्हा कुसुमताई फाटकातच उभ्या होत्या. आणखी दोघी-तिघी जमल्या.

"मंग? दिसल्या का पिक्चरमध्ये?"

मी कॅमेऱ्याचा फोकस समजावून सांगायला तोंड उघडलं. आईंनी बॅग खाली ठेवली.

"दिसली नाही वं मी. आयकू आली."

मग कुसुमताई म्हणाल्या, "अव माय! तेवढ्यासाठी गोव्याले काहून गेल्या? आवाज त आम्हाले रोजच आयकू येते, इथंच, फुकटात!"

सगळ्या जणी हसल्या. मी घाबरून आईंकडे पाहिलं. त्याही हसत होत्या, अगदी डोळे पुसून पुसून, आणि या वेळी त्यांनी कुणालाच काहून म्हणून विचारलं नाही.